मुखपृष्ठ नसलेलं एक पुस्तक, बाकीची ४१२, आणि दिवाळीपर्यंतची मुदत

सज्जा

नमस्कार मंडळी. पुस्तकांच्या अदलाबदलीच्या गेल्या बैठकीला मी आले नाही म्हणून दोघीतिघींनी विचारलं. कारण हे: सातारा जिल्ह्यातलं आमचं आजोळचं घर विकलंय. दिवाळी झाली की ताबा द्यायचा. भांडीकुंडी मामींनी वाटून घेतली, घंगाळावरून थोडं वाजलंही. माळ्यावरच्या पुस्तकांवर मात्र कुणीच हक्क सांगितला नाही. मग ती आपोआप माझी झाली.

आजोबा (आम्ही नातवंडं त्यांना दादा म्हणायचो) शाळामास्तर होते. दोन शनिवार-रविवार बसून मोजली, ४१२ भरली. कादंबऱ्या, चरित्रं, पोथ्या, व्याकरणं, दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे (ते मोजलेले नाहीत), आणि होमिओपॅथीवर इतकी पुस्तकं की दादा कुणावर प्रयोग करत होते कळेना. रद्दीवाला येऊन बघून गेला. किलोला बारा म्हणाला. वर "पुठ्ठे काढून द्या ताई" अशी सूचना.

दोन प्रश्न आहेत.

पहिला: ही कुठे देऊ? तालुक्याच्या गावच्या वाचनालयात गेले होते. तिथल्या बाईंनी यादी हातातही घेतली नाही. "जुनी पुस्तकं आम्ही घेत नाही, कपाटं भरलीत." झालं.

दुसरा: एक पुस्तक आहे ज्याला मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, प्रस्तावना नाही. थेट पान ९ पासून सुरू. विषय परसबाग. वांगी कशी लावावीत, दुधी भोपळ्याचा वेल कुठे चढवावा, वगैरे. शेवटी जाहिरातींचं एक पान शिल्लक आहे. समासात दादांच्या पेन्सिलीने नोंदी: "घेवडा. सात दिवसांनी रुजला." हे एकच मला स्वतःसाठी ठेवायचंय. कधीचं असेल, कुणाला सांगता येईल का?

अनुस्वार

सांगता येईल. आधी शुद्धलेखन बघा. "कांहीं", "नाहीं", "त्यांचें", "घरांत" असं छापलंय का?

सज्जा

हो, सगळीकडे. "बागेंतील मातीचें परीक्षण" असं प्रकरणाचं नाव आहे.

अनुस्वार

मग पुस्तक बहुधा १९६२ च्या आधीचं. त्या वर्षी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले आणि उच्चारात नसलेल्या अनुस्वारांना रजा मिळाली. "बहुधा" म्हणतोय, कारण जुने छापखाने आणि जुने लेखक पुढेही वर्षानुवर्षं टिंबं देत राहिले. आमचे एक काका तर १९९० पर्यंत पत्रात "तूं कसा आहेस" लिहायचे. त्यामुळे नुसत्या अनुस्वारावर निकाल देऊ नका. किमती कशा छापल्यात?

सज्जा

पुस्तकाची किंमत गेली मुखपृष्ठाबरोबर. पण जाहिरातीत बियांच्या पुड्यांचे भाव आहेत. "पुडी दोन आणे. टपालखर्च निराळा."

शाईचाडाग

आणे! मग सोपं झालं. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. त्यानंतर काही वर्षं "नये पैसे", म्हणून जुन्या पुस्तकांवर "किं. रु. २ न. पै. ५०" असं दिसतं. १९६४ मध्ये "नये" गेलं आणि नुसते पैसे उरले. मी फूटपाथवरच्या पुस्तकाला हात लावला की आधी मागची किंमत बघते. "न. पै." दिसलं की ५७ ते ६४ ची मुद्रा बसली म्हणून समजायचं. सहा अंकी पिनकोड दिसला तर १९७२ नंतरचं. त्याआधी "पुणें २", "मुंबई ४" इतकंच असायचं. आता ४११००२ लिहितो त्यातले शेवटचे अंक म्हणजे तेच जुने आकडे, हे मला फार उशिरा उमगलं.

बाकरवडीनंतर

शाईताई, तुम्ही पुस्तक वाचता कधी?

शाईचाडाग

मागच्या पानावरून पुढे.

घंटाघर

माझे दोन पैसे (नये). नावाचं पान असेल तर शके बघायचं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन. जानेवारी ते मार्चमधलं असेल तर ७९. इथे पानच नाही म्हणून उपयोग नाही, पण इतर ४१२ ना लागू पडेल. सज्जाताई, जाहिरातीत पत्ता काय आहे? पूर्ण लिहा. गाव नका लिहू हवं तर, जिल्हा लिहा.

सज्जा

"जि. उत्तर सातारा". मला आधी वाटलं होतं छपाईची चूक असेल.

घंटाघर

अहो चूक कसली! हीच तर खूण. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन केले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९६० मध्ये उत्तर साताऱ्याचं पुन्हा सातारा झालं आणि दक्षिण साताऱ्याचं सांगली. म्हणजे हा पत्ता जेमतेम अकरा वर्षं अस्तित्वात होता. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर "द. सातारा" आहे. पासपोर्टच्या वेळी समोरच्याला समजावून सांगताना नाकी नऊ आले होते.

तर हिशेब असा: उत्तर सातारा म्हणजे १९४९ नंतर, आणे म्हणजे १९५७ च्या आधी किंवा फार तर थोडं नंतर. आठ वर्षांत आणून सोडलं तुम्हाला.

सज्जा

अंगावर काटा आला खरंच. तुम्ही सगळे कुठे असता दिवसभर?

अनुस्वार

कचेरीत. म्हणून तर वेळ आहे.

पोस्टाचीपेटी

पहिल्या प्रश्नाकडे कुणी बघणार आहे का? ४१२ पुस्तकं म्हणजे सरासरी पावशेर धरलं तरी शंभर किलोच्या वर. एका जागी देण्यापेक्षा इथल्या लोकांना वाटून टाका. यादी टाका, ज्याला हवं त्याने टपालखर्च भरावा.

टपालाचं सांगतो. जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. तेव्हा आपल्या अदलाबदलीचं कंबरडंच मोडलं होतं, आठवत असेल. मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. पाकिटात पत्र घालू नका. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. ठरावीक काळाने निघणारी नियतकालिकं चालत नाहीत, जाहिरातींचा माल चालत नाही. म्हणजे दिवाळी अंक दोन्हीकडून बाद! गेल्या वर्षी मी चार अंक घेऊन खिडकीवर गेलो, आतल्या माणसाने एक उघडला, पहिल्याच पानावर सोन्याच्या दुकानाची जाहिरात. तो माझ्याकडे बघून हसला, मी त्याच्याकडे. साध्या पार्सलचे पैसे भरले.

आणि तुमचं परसबागेचं पुस्तक नियमाप्रमाणे जाणार नाही. प्रकाशकाचं नावच नाही त्यावर.

सज्जा

ते कुठेही जायचं नाहीये. 🙂 यादी टाकते रविवारी.

लिंबलोण

यादीच्या आधी कसर बघा!! एका कसर लागलेल्या पुस्तकाने माझं अख्खं कपाट खाल्लंय. ज्या पुस्तकांत बारीक भोकं किंवा कुरतडलेल्या कडा दिसतील ती वेगळी काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस जाऊ द्या, नाहीतर पानांना दव सुटतं.

बाकरवडीनंतर

आणि मटार कुठे ठेवायचे?

लिंबलोण

मटार खा. पुस्तकं राहू द्या.

तुळशीबागेतून

आमच्याकडे कडुलिंबाचा पाला घालतात. ओला घालायचा नाही, सावलीत वाळवून. डांबरगोळ्या घातल्या की वाचताना डोकं चढतं. आमचे जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालायचे, त्या पुस्तकांना पन्नास वर्षांत काही झालेलं नाही. पण मोरचूद विषारी, घरी स्वतः करायला जाऊ नका. आणि सुटलेल्या पानांना चिकटपट्टी तर मुळीच नको. दहा वर्षांनी पट्टी निघते, पिवळा चिकट डाग राहतो.

देरा_क्रीक

दुबईहून. आमच्याकडे २०१४ पासून "ग्रंथ तुमच्या दारी"च्या पेट्या फिरतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा उपक्रम, २००९ पासूनचा. पेटी एका घरात काही महिने राहते, मग आपसांत बदलायची. माझा अनुभव सांगतो, जुनी पुस्तकं सरसकट कुणीच घेत नाही, मराठी माणूस वाळवंटात असला तरी. निवडून दहा दिलीत तर लोक झुंबड करतात, चारशे एकदम दाखवलीत तर घाबरतात. तेव्हा ताई, दहा-दहाच्या याद्या करा.

सज्जा

हे पटलं. भिलारला विचारू का? घरापासून फार लांब नाही.

घंटाघर

पुस्तकांचं गाव म्हणून भिलारला जरूर जा, पण गाडीत खोकी भरून नको. तिथली घराघरांतली पुस्तकं शासनाच्या उपक्रमाची आहेत, मे २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा विषयवार निवडून ठेवलेली. आधी विचारा, मग न्या. बाकी जायचं तर स्ट्रॉबेरीच्या दिवसांत. मी एका घराच्या ओसरीवर तीन तास वाचत बसलो होतो, घरच्या आजींनी न मागता चहा आणून दिला आणि "संपलं का?" म्हणून दोनदा विचारलं. पुस्तकाबद्दल की चहाबद्दल, कळलं नाही.

दाखलनोंद

सज्जाताई, मी सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं होतो, आता निवृत्त. त्या बाईंवर रागावू नका. बोलण्याची रीत चुकली असेल, पण त्यांची अडचण खरी आहे.

घेतलेलं प्रत्येक पुस्तक दाखल करावं लागतं. दाखल नोंदवहीत क्रमांक, तारीख, लेखक, नाव, किंमत, विकत की भेट, सगळं. एकदा दाखल झालं की ते ग्रंथालयाच्या मालमत्तेत आलं. मग ते सडलं, फाटलं, कुणी नेलं, तरी वहीत जिवंत. काढायचं तर निर्लेखनाचा, म्हणजे वहीतून कमी करण्याचा, सोपस्कार. पुस्तक आत आणायला पाच मिनिटं, बाहेर काढायला पाच बैठका. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळतं ते अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे, त्यात तपासणी असते, आणि तपासणीला येणारा माणूस कपाटावरची धूळ आधी बघतो. अशात कुणी गोणीभर पुस्तकं घेऊन आलं, त्यात निम्मी जुनी क्रमिक पुस्तकं आणि रद्द झालेले अभ्यासक्रम, की ग्रंथपाल हात जोडतो. मीही जोडलेत.

आता तुमच्या परसबागेविषयी. वाचनालयाचे शिक्के नावाच्या पानावर असतात, म्हणून लोक तेच पान फाडतात. त्यावर उपाय म्हणून ग्रंथालयं एक ठरलेलं पान राखून ठेवतात, बहुतेक ठिकाणी सदस्यांना माहीत नसलेलं. आमच्याकडे पान ४१ होतं. प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर, शिवणीजवळ, दाखल क्रमांक बारीक अक्षरात. दुसरीकडे २५ असेल, ५१ असेल. तुम्ही एक करा. पहिल्यापासून एकेक पान उघडून आतल्या कडेला बघा.

बाकरवडीनंतर

दाखलकाका, तुम्ही आमच्या दादांवर संशय घेताय. मास्तर होते ते!

दाखलनोंद

मास्तरच जास्त. माझ्या थकबाकीच्या यादीत पहिले पाचही शिक्षक होते.

सज्जा

पान ३३. शिवणीत. जांभळी शाई, निबचं अक्षर: २३१७.

आईला फोन केला. ती म्हणाली, "दादा असं करणं शक्यच नाही." मामाला केला. तो इतका हसला की फोन ठेवावा लागला.

नीट बघितलं तर सुरुवातीची पानं फाटलेली नाहीत, शिवणीपासून सुटलेली आहेत. पण मामाला हे पटत नाहीये.

शाईचाडाग

क्रमांक मिळाला म्हणजे नोंदवही मिळाली तर नावही मिळणार! कुठल्या वाचनालयाचं, शिक्का आहे का?

सज्जा

शिक्का नाही, नुसता आकडा. पण दादांच्या गावाला वाचनालय एकच. तेच, जिथे यादी हातात घेतली नव्हती.

घंटाघर

अरे देवा.

जोडाक्षर

मध्येच येतो, माफ करा. लेखकाचं नाव मिळालं तर मला कळवा. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तो उलटला असेल तर मराठी विकिस्रोतासाठी (इंटरनेटवरचं मोफत ग्रंथालय) पानं नीट छायाचित्रित करू, आमचा चौघांचा गट आहे. निनावी पुस्तकांना प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात, पण तो नियम इथे लावू नका. लेखकाने नाव न देणं वेगळं आणि नावाचं पान हरवणं वेगळं.

सज्जा

कळवते. दरम्यान पहिल्या दहांची यादी टाकली आहे, वेगळ्या धाग्यावर. व्याकरणं पहिल्या तासात गेली, अनुस्वार यांनी तिन्ही उचलली. होमिओपॅथीला अजून कुणी विचारलेलं नाही.

अनुस्वार

एक व्याकरण माझ्याकडे आधीच आहे. पण त्यात आधीच्या मालकाने लेखकाशी समासात भांडण केलंय, ते वाचायचं होतं.

लिंबलोण

फ्रीजरमध्ये ठेवलीत का?

सज्जा

ठेवली. एकोणीस. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

सज्जा

पंधरा दिवसांनी लिहितेय. काल वाचनालयात जाऊन आले.

त्याच बाई. या वेळी मी यादी नेलीच नाही, पुस्तक टेबलावर ठेवलं, पान ३३ उघडलं आणि म्हटलं, "हे तुमचं आहे." त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेल्या. एक शिपाईकाका शिडी घेऊन मागोमाग गेले. वीस मिनिटं मी वर्तमानपत्राच्या टेबलावर दोन आजोबांबरोबर बसले. त्यांचं पानांच्या वाटणीवरून चाललं होतं.

बाई बाहेर आल्या त्या लाल कापडात बांधलेली वही घेऊनच. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण २३१७ शाबूत. मी तिथेच उतरवून घेतलं:

दाखल तारीख: १४ ऑगस्ट १९५३.
लेखक: रिकामं.
नाव: "परसबाग (मुखपृष्ठ व आरंभीची ८ पानें नाहींत)".
किंमत: रिकामी.
विकत / भेट: भेट.
शेरा: तांबड्या शाईत "गहाळ", खाली सही आणि १९६१.

म्हणजे आलं तेव्हाच ते असं होतं! दादांनी एकही पान फाडलेलं नाही. परत केलं नाही एवढंच. आईला लगेच फोन लावला. ती म्हणाली, "सांगितलं नव्हतं मी?" मामाचं म्हणणं, गहाळ ते गहाळच.

घंटाघर

१९४९ ते ५३. चार वर्षांत आलं बघा! नाव मात्र गेलं ते गेलंच.

दाखलनोंद

भेट आलेलं, मुखपृष्ठ नसलेलं, पहिली आठ पानं नसलेलं पुस्तक त्या काळच्या ग्रंथपालाने दाखल करून घेतलं. आणि लिहूनही ठेवलं काय काय नाही ते. मी घेतलं नसतं.

जोडाक्षर

लेखक नाहीच मिळाला. पानं तरी नोंदवून ठेवू, वाचनालयाने परवानगी दिली तर. कुणाकडे दुसरी प्रत निघाली तर जुळवता येईल.

पोस्टाचीपेटी

आणि पुस्तक? परत दिलंत?

सज्जा

द्यायलाच नेलं होतं. दंडाचं विचारलं तर बाईंनी शिपाईकाकांकडे बघितलं, काकांनी छताकडे. मग बाईंनी "गहाळ"वर एक आडवी रेघ मारली, बाजूला कालची तारीख घातली, सही केली. पुस्तक उलटून पाहिलं. समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींवर त्यांचं बोट थांबलं. "हे कुणी लिहिलंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "घेवडा आमच्याकडे पाच दिवसांत येतो."

मी सगळ्या पानांचे फोटो काढून घेतलेत, नोंदींसकट. बाईंनी विचारलं, यादीत शेतीची आणखी आहेत का? तीन आहेत. मंगळवारी घेऊन जातेय. तिन्हींना मुखपृष्ठं आहेत.

होमिओपॅथी अजून शिल्लक आहे. चौदा पुस्तकं. ज्ञान पोस्टात बसतील, वजन करून ठेवलंय.